फातिमा : एका ओळीचा पुरावा

फातिमा हे नाव आपल्या घराघरांत आहे. मीरा रोडच्या कुठल्याही उर्दू शाळेचा हजेरीपट उघडा, एखादी तरी फातिमा सापडेल. पण हे नाव इतिहासात आणि कलेत कसे टिकले, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही.

स्पेनचे उदाहरण बोलके आहे. ग्रानाडाच्या सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांवर १५६७ साली दुसऱ्या फिलिप राजाने अरबी भाषा, पोशाख आणि नावे यांची बंदी घातली. १६०९ पासून तर त्यांना देशाबाहेरच काढले. तरीही हाएन गावच्या आयेशा, फातिमा आणि मरियम या तीन मूर मुलींचे जुने गीत शिल्लक राहिले. १९३१ साली कवी लोर्का याने स्वतः पियानोची साथ देऊन ते ध्वनिमुद्रित केले. ऑलिव्ह वेचायला गेलेल्या या मुलींची फक्त नावे कळतात. बाप, घराणे, पुढची हकिगत काही नाही. माणसे गेली, नावे गाण्यात राहिली.

आपली फातिमा गाण्यात नाही, पत्रात आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारी सावित्रीबाईंनी माहेराहून जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात (१९८८) हे पत्र वाचायला मिळते. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने, फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, असा दावा केला, तेव्हा हे जुने छापील पुस्तकच उत्तर म्हणून पुढे करता आले.

परंतु असा दावा करण्याची हिंमत का व्हावी? याचा थोडा दोष आपल्या लेखनाकडेही जातो. एका ओळीवर आपण चरित्रे उभारली. जन्मतारीख दिली, संवाद रचले, आणि समकालीन कागदाचा आधार न दाखवता ९ जानेवारीला जयंती साजरी करू लागलो. अकीदत चांगली, पण अकीदत म्हणजे पुरावा नव्हे. कल्पित मजकूर खोटा ठरला की त्याबरोबर खरी ओळही संशयात सापडते.

वास्तविक ती ओळ पुरेशी समृद्ध आहे. सावित्रीबाईंच्या मागे काम अडू न देणारी सहकारी त्यात दिसते. दोघींची एकमेकींवरची भिस्त दिसते. आणि एक बोचणारी गोष्टही दिसते : फातिमा कुरकुर करणार नाही हे दुसऱ्या कुणी सांगितले आहे, तिचा स्वतःचा शब्द आपल्यापाशी नाही. मुस्लिम मराठी लेखकाने कादंबरी लिहायची तर या मौनाची लिहावी, आणि तिला कादंबरीच म्हणावे. चरित्र लिहायचे तर आधी पुण्याची दप्तरे, शाळांचे अहवाल, मोडी कागद धुंडाळावेत.

तोवर आपल्या मुलींना ती एक ओळ जशी आहे तशी वाचून दाखवू या. फातिमाचा मान राखायला तेवढी पुरेशी आहे.