उजेड सांडू देणारी काच

पनवेलच्या वडाळे तलावाकाठी, पाऊस नुकताच थांबलेल्या एका संध्याकाळी, माझ्या एका मित्राने काढलेला फोटो सध्या माझ्या टेबलावर आहे. चौकटीच्या डाव्या बाजूला मक्याची कणसं भाजणारी बाई बसली आहे. पुढ्यात कोळशाची शेगडी, हातात निखाऱ्यांना वारा घालायचा पुठ्ठा, डोक्यावर काठीला टांगलेला एलईडी दिवा. तिच्यामागे ओली फरसबंदी, मग तलावाचं पाणी, पाण्यापलीकडे इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या आणि सगळ्यात मागे डोंगराची पुसट रेघ. विषयात नवं काही नाही. पावसाळ्यात पनवेलपासून खाली कुठेही, चार माणसं फिरायला येतात अशा पाण्याच्या काठी हे दृश्य भेटतंच. तरीही या फोटोवर नजर रेंगाळते. त्यातला काही वाटा मित्राच्या नजरेचा आहे आणि काही वाटा लेन्सपुढे लावलेल्या एका गोल काचेचा.

ती काच म्हणजे १/८ ताकदीचा मिस्ट फिल्टर. डिफ्युजन फिल्टरच्या कुळातला हा सौम्य सदस्य. मित्राने त्याच जागेवरून, फिल्टर काढून, दुसरा फोटोही घेतला होता. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या की ही काच काय करते आणि काय करत नाही, ते वाचता येतं.

आधी उघड्या लेन्सचा फोटो. यात दिवा म्हणजे एक पांढरा ठिपका. तो संपतो तिथेच अंधार सुरू होतो. कणसाचे दाणे मोजावेत इतके स्पष्ट आहेत, बाईच्या कपाळावरच्या आठ्याही तितक्याच. वरून दिव्याचा थंड पांढरा उजेड आणि खालून निखाऱ्यांचा तांबूस उजेड तिच्या चेहऱ्यावर येतात, पण गालावर त्यांची सीमा दिसते: वरचा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा. पलीकडच्या खिडक्या चौकोनी आहेत आणि चौकोनीच राहतात. या फोटोवर चूक म्हणून बोट ठेवावं असं काही नाही. तिथे काय काय होतं याची तो चोख यादी देतो. फक्त पाऊस नुकताच पडून गेलाय, हवा ओलसर आणि जड आहे, हे त्यातून कळत नाही.

आता फिल्टरचा फोटो. दिव्याचा गाभा तसाच पांढरा आहे, पण त्याच्याभोवती एक वलय आलं आहे. ते बाहेरच्या बाजूला हळूहळू विरत जातं आणि विरता विरता बाईच्या कानाजवळच्या सुटलेल्या केसांना स्पर्श करतं. निखाऱ्यांची तांबूस आभा शेगडीच्या काठावरून उतू जाऊन तिच्या मनगटापर्यंत आली आहे. आणि गालावरची ती सीमा? ती गेली. थंड आणि ऊबदार उजेड तिथे एकमेकांत मिसळले आहेत. माझ्या मते फोटोचा सारा रस या दोन बोटं जागेत आहे. बाई दिवसाच्या सरत्या टोकाला बसली आहे, एकीकडे शहराचा विजेचा उजेड आणि दुसरीकडे तिच्या हाताने जागता ठेवलेला विस्तव. हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर नांदताना दिसतात ते इथे.

यानंतर कणसाकडे परत यावं. दाणे अजूनही मोजता येतात. कपाळावरच्या आठ्या जागच्या जागी आहेत. मऊ प्रतिमा म्हणजे फोकस चुकलेली प्रतिमा, हा समज इथे गळून पडतो. फोकस हुकला की दृश्यातल्या प्रत्येक बिंदूची चकती होते. बारकावा त्या चकत्यांत हरवतो. डिफ्युजन फिल्टरचं काम वेगळं. त्याच्या काचेत अतिसूक्ष्म कण असतात. बहुतेक प्रकाश त्यांच्यामधून सरळ जातो आणि नेहमीसारखी रेखीव प्रतिमा बनवतो. थोडा प्रकाश मात्र कणांवर आदळून विखुरतो आणि शेजारच्या भागावर सांडतो. म्हणजे कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन प्रतिमा पडतात: एक रेखीव आणि तिच्यावर एक फिकट, पसरलेली. सांडायला मुळात उजेड भरपूर लागतो, म्हणून वलय दिव्याला येतं, निखाऱ्याला येतं, पण काळ्या फरशीला येत नाही. सांडलेला उजेड सावल्यांत शिरला की त्या थोड्या उजळतात आणि काँट्रास्ट उतरतो. टिफेनच्या ‘ब्लॅक प्रो-मिस्ट’सारख्या फिल्टरमध्ये काळे कणही असतात, ते विखुरलेल्या प्रकाशातला काही भाग गिळतात, त्यामुळे काळा रंग अगदीच राखाडी होत नाही. झाइसच्या ‘सॉफ्टार’ची युक्ती निराळी: त्याच्या काचेवर विखरून बसवलेली इवली भिंगंच असतात. त्याआधीच्या काळात सिनेमाचे कॅमेरामन लेन्सवर रेशमी मोज्याचं कापड ताणत किंवा साध्या काचेवर व्हॅसलिनचा हात फिरवत. साधनं बदलली, हेतू तोच राहिला.

या हेतूचा इतिहास कॅमेऱ्याइतकाच वादग्रस्त आहे. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्लंडमध्ये, हाती कॅमेरा घेतला आणि मुद्दाम मऊ ठेवलेली व्यक्तिचित्रं काढली. तेव्हाच्या छायाचित्रकारांनी त्यांना फोकस साधता येत नाही म्हणून नावं ठेवली. पुढे हीच शैली कलात्मक म्हणून मिरवली आणि मग लग्नाच्या अल्बमांत इतकी स्वस्त झाली की मऊ फोटो म्हटलं की आपल्याला नवरीच्या चेहऱ्याभोवतीचं दुधाळ धुकं आठवतं. दोष काचेचा नव्हता. सगळ्या चेहऱ्यांना एकच औषध, तेही पूर्ण मात्रेत, दिलं गेलं.

मात्रा आणि जागा नेमकी साधली तर काय घडतं, हे आपल्याकडे १९५९ साली दिसलं. गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातलं गीता दत्तच्या आवाजातलं रिकाम्या स्टुडिओतलं गाणं आठवा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांवरून उन्हाचा झोत स्टुडिओत आणला. काळोखात उंचावरून तिरका उतरणारा तो झोत, त्याच्या अल्याड-पल्याड गुरुदत्त आणि वहिदा रेहमान. झोत मुळात दिसतो तो हवेत तरंगणाऱ्या कणांमुळे. स्वच्छ, निर्वात जागेत उजेड जिथे पडेल तिथेच दिसला असता, वाटेत नाही. मूर्तींनी दोन माणसांमधली रिकामी हवा दिसू दिली आणि त्या हवेला अंतराचा अर्थ आला. दोघांच्या पारदर्शक आकृती शरीरातून निघून त्या झोतात एकमेकांकडे जातात, शरीरं मात्र जागची हलत नाहीत. डिफ्युजन फिल्टर करतो ते याच जातीचं काम, फक्त स्टुडिओभर तरंगणारे कण त्याने दोन इंचांच्या काचेत कोंडलेले असतात. मूर्तींना या छायालेखनासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा तो मिळवणारे ते पहिले छायालेखक ठरले.

हवा आणि काच यांत एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो कळायला पनवेलइतकी सोयीची जागा नाही. पावसाळ्यात इथून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका धुक्यात येतो-जातो. रस्त्याकडेची झाडं गर्द हिरवी, त्यांच्यामागची राखाडी, त्यामागचा उतार आणखी फिका आणि सुळका जेमतेम. खरं धुकं अंतर ओळखतं: जितकं लांब तितकं पुसट. म्हणून धुक्यातल्या दृश्याला खोली येते. फिल्टरला अंतर कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. हातभर अंतरावरचा दिवा आणि तलावापलीकडची खिडकी, दोन्ही त्याच्या लेखी सारख्याच.

हे ध्यानात घेऊन मित्राचा फोटो पुन्हा पाहिला की त्यात दोन वेगळे मऊपणे सापडतात. मागची डोंगररेघ दोन्ही प्रिंटमध्ये जवळपास सारखीच पुसट आहे. ती हवेने पुसली, काचेने नाही. दिवा आणि निखारे मऊ झाले ते काचेने. मागे अंतर विरतं आहे आणि पुढे उजेड सांडतो आहे, मधे बाई स्पष्ट. ही मांडणी मित्राने जाणून केली की ती त्याला गवसली, याने मला फरक पडत नाही. फोटोत ती आहे.

काचेचा आंधळेपणा एका ठिकाणी फोटोला बाधतोही. उजव्या कोपऱ्यात पलीकडच्या काठावर एका दुकानाची उजळ पाटी आहे. उघड्या लेन्सच्या फोटोत ती नजरेत भरत नाही. फिल्टरने तिलाही वलय दिलं आणि त्या पाटीला नको ते महत्त्व आलं. नजर बाईकडून सुटून तिकडे जाते आणि परत यायला वेळ घेते. चौकट थोडी डावीकडे वळवून पाटी बाहेर ठेवता आली असती. अशा फिल्टरने काम करणाऱ्याला चौकटीतला प्रत्येक दिवा आधी टिपून ठेवावा लागतो, कारण काच कोणाचीही भीड धरत नाही.

तरी हा आंधळेपणाच मला आजच्या काळात मोलाचा वाटतो. डिजिटल सेन्सर इतके रेखीव झाले आहेत की सिनेमावाले आणि हौशी छायाचित्रकार पुन्हा या काचांकडे वळले आहेत. दुसरीकडे मोबाइल स्वतःच चेहरा ओळखून त्वचा गुळगुळीत करून देतो. त्याला चेहरा कळतो, वय कळतं आणि काय लपवायचं तेही ठरलेलं असतं. फिल्टरला कणीसवाली आणि पाटी यांत भेद कळत नाही, म्हणून तो तिच्या आठ्या पुसायला जात नाही. त्या तिथेच राहतात, वेगळ्या उजेडात.

मित्राच्या बॅगेत १/२ ताकदीचा फिल्टरही होता. तो लावला असता तर दिव्याचं वलय चेहऱ्यावर चढलं असतं आणि पाहणाऱ्याने आधी मऊपणा पाहिला असता, मग बाई. मला या फोटोत आधी दिसली ती बाई, मग कणीस, आणि काचेचा विचार आला तो दुसरी प्रिंट शेजारी ठेवल्यावर. १/८ची निवड बरोबर होती, असं मी त्यावरून समजतो.