भावना कुणाच्या?

माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. प्रश्न मिटला, असे तेव्हा अनेकांना वाटले. मला तसे वाटत नाही.

माझ्या वडिलांनी सरकारी कागदावर जन्मभर अंगठा उठवला. घरात तो कागद वाचणारा मी पहिला. म्हणून कायदाही मी साहित्यकृतीसारखा शब्दन्‌शब्द तपासतो. ६६ अ मध्ये 'आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द होते. लिहिणाऱ्याने काय लिहिले याचे हे वर्णन नव्हे. वाचणाऱ्याला काय झाले याचे आहे. हा वाचणारा कोण, ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला कळले. बाळ ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद राहिली, त्याबद्दल फेसबुकवर नाराजी लिहिणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला नुसती पसंती देणारी दुसरी, दोघींना अटक झाली.

पण ६६ अ एकटे नव्हते. ऑगस्ट २०१३ मध्ये रामपूरचे दलित लेखक कंवल भारती यांनी एका महिला सनदी अधिकाऱ्याच्या निलंबनावरून उत्तर प्रदेश सरकारवर फेसबुकवर टीका केली. त्यांना अटक झाली ती १५३ अ आणि २९५ अ खाली. २९५ अ म्हणजे धर्माचा हेतुपुरस्सर अपमान. टीका सरकारवर आणि गुन्हा धर्माचा! सत्ता स्वतःला दैवत समजू लागली की असेच होणार.

हे २९५ अ इंग्रजांनी १९२७ साली आणले. त्याच वर्षी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाने पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांचा जो अपमान केला, तो या कलमाच्या व्याख्येत बसत नाही. जाळणारा मात्र सहज बसतो. आपल्यातले काही म्हणतात, बाबासाहेबांची विटंबना झाली की हीच कलमे कामी येतात. म्हणणे खोटे नाही. परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अपमान करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे आधी विचारतो. ही कलमे ते विचारत नाहीत. म्हणूनच ती सत्ताधाऱ्यांच्या हाती इतकी सोयीची ठरतात, मग पक्ष कोणताही असो. एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधानांवरील एका ट्विटसाठी आसामच्या पोलिसांनी आमदार जिग्नेश मेवाणी यांना थेट गुजरातमधून उचलून नेले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १५३ अ चे १९६ झाले, २९५ अ चे २९९. मी जुना-नवा मजकूर शेजारी ठेवून वाचला. धार्मिक 'भावना' होत्या तिथेच आहेत, शिक्षाही तीन वर्षांपर्यंतचीच.