लेमन्सचा बाजार की जत्रेतलं सोरट? अकरलॉफचा निबंध आणि बंद खोक्यांचा लिलाव

संशोधन आराखड्यात हमखास दिसणारी एक ओळ सांगू? "प्रस्तुत संशोधनात अमुक सिद्धांताचा आधार घेतला आहे." बस्स. तो सिद्धांत आपल्या विषयाला लागू पडतो का, हे तपासणारी ओळ पुढे कुठेच नसते. माझ्या पहिल्या आराखड्यातही नव्हती. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा आराखडा लिहायला बसला असाल, तर आज या चुकीकडे नीट बघू. उदाहरण घेऊ ऑनलाइन लिलावात विकल्या जाणाऱ्या 'मिस्टरी लॉट'चं.

हा प्रकार असा. खेळाडूंच्या सह्या असलेल्या किंवा त्यांनी वापरलेल्या वस्तूंना जगभर गिऱ्हाईक आहे. बॅट, चेंडू, जर्सी, जुनी तिकिटं, फोटो, कार्डं. विकणारा यातल्या काही वस्तू एका खोक्यात भरतो, खोकं बंद करतो आणि आत काय आहे ते न सांगता लिलावात मांडतो. समजा, वर लिहिलंय, "एखाद्या खोक्यात श्रीरामपूरच्या झहीर खानच्या सहीचा चेंडू असू शकतो." २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा आपल्या जिल्ह्यातला गोलंदाज! हात लगेच मोबाइलकडे जातो. 'असू शकतो' हे शब्द आपण वाचतो, पण मोजत नाही.

असा विषय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिला की तो डोळे मिटून एकच नाव घेतो: जॉर्ज अकरलॉफ. 'द मार्केट फॉर लेमन्स' हा त्याचा निबंध ऑगस्ट १९७०मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. २००१मध्ये अकरलॉफला स्पेन्स आणि स्टिगलिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. (इथल्या 'लेमन'चा श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाशी काही संबंध नाही. अमेरिकी बोलीत लेमन म्हणजे विकत घेतल्यावर खराब निघालेली गाडी.)

निबंध जेमतेम तेरा पानांचा आहे आणि मुद्दा सरळ आहे. जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा शहाणा असल्यामुळे तो सरासरी गाडीचाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. सरासरी आणखी खाली येते, भाव आणखी पडतो. शेवटी बाजारच उरत नाही, अशीही वेळ येऊ शकते. अकरलॉफ त्या काळात काही महिने भारतात राहिला होता आणि त्याची खूण निबंधात आहे. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरातल्या बाईला ते निवडत बसावं लागतं, हे उदाहरण त्याने दिलं आहे. मूळ निबंध वाचलात तर अशा गोष्टी हाती लागतात. नुसत्या नोट्स वाचून लागत नाहीत.

आता आपल्या खोक्याकडे येऊ. विकणाऱ्याला आतलं माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणजे असममित माहिती, म्हणजेच लेमन्स. झाला आराखडा!

थांबा. निबंधाप्रमाणे असा बाजार आक्रसत जायला हवा. मिस्टरी लॉट तर चांगले खपतात. माझ्या मते सिद्धांत आणि समोरचं वास्तव असं उलट दिशेला जातं, तिथूनच संशोधन सुरू होतं.

नगरजवळच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचा लिलाव बघितलाय का? नसेल तर एकदा जाच. तिथे शेतकऱ्याचं वक्कल लागलेलं असतं. व्यापारी गोणी ओतायला लावतो, कांदा हातात घेऊन दाबून बघतो, एक नंबर किती, गोल्टी किती, जोड किती याचा अंदाज घेतो आणि मग बोली बोलतो. न बघता बोली लावायची ठरली, तर चांगला माल आणणारा शेतकरी म्हणेल, मला काय फायदा? तो दुसरा बाजार शोधेल. अकरलॉफ सांगतो ते हेच. इथे गोणी ओतली जाते म्हणून व्यवहार टिकतो.

आता तीच कसोटी मिस्टरी लॉटला लावा. लिलावाआधी सगळी खोकी उघडून ठेवली तर काय होईल? सहीचा चेंडू असलेल्या एका खोक्यावर उड्या पडतील. उरलेल्या खोक्यांतल्या किचेन, पोस्टर आणि जुन्या कार्डांना कोणी विचारणार नाही. म्हणजे गोणी ओतल्यावर कांद्याचा बाजार चालतो, पण खोकं उघडल्यावर मिस्टरी लॉटचा धंदा बसतो. इथे अज्ञान हीच विक्रीची वस्तू आहे. याला आपल्याकडे जुना शब्द आहे: सोरट. जत्रेत चिठ्ठी उचलायची, साबणाची वडी निघाली तर हसायचं आणि पुढच्या चिठ्ठीसाठी पैसे काढायचे. सोरट खेळणाऱ्याला कोणी फसवलेलं असेलच असं नाही. तो आशा विकत घेतो.

हिशोब करून बघू. आकडे मानीव आहेत. ५० खोकी. एकात २०,००० रुपयांची वस्तू, उरलेल्या ४९मध्ये प्रत्येकी ३०० रुपयांचा माल. एकूण माल ३४,७०० रुपयांचा, म्हणजे एका खोक्याची सरासरी ६९४ रुपये. विकणाऱ्याने खोक्याला सरसकट १,४९९ रुपये लावले, तर त्याच्या हातात ७४,९५० रुपये येतात. कुठलं खोकं भारी आहे हे त्यालाही माहीत नसलं आणि त्याने रुपयाचीही लबाडी केली नसली, तरी घेणारा सरासरी ८०५ रुपयांनी खाली येतो. या तोट्याला असममित माहिती लागतच नाही.

आणि सरसकट भावाऐवजी बोली लावली तर? पाच जणांनी त्याच खोक्याची किंमत ३५०, ५००, ७००, ८०० आणि १,१२० रुपये धरली. यांची सरासरी काढा: बरोबर ६९४. म्हणजे पाचही जण मिळून अगदी अचूक आहेत. पण खोकं जातं १,१२० धरणाऱ्याकडे, आणि त्याला ८००च्या थोडं वर मोजावं लागतं. जो सगळ्यांत जास्त चुकला तोच जिंकला. याला 'विनर्स कर्स' म्हणतात. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन तेल अभियंत्यांनी १९७१मध्ये समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हे मांडलं. बोली लावणारे वाढले की हा धोका वाढतो. अकरलॉफच्या युक्तिवादात गिऱ्हाइकांच्या संख्येला असं काही स्थान नाही.

मग अकरलॉफला काढूनच टाकायचं का? नाही, तीही घाईच होईल. ५० खोक्यांत भारी खोकी किती आहेत, ते भारी खोकं आधीच विकलं गेलंय का, हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. तिथे असममित माहिती आहे. दुसरी जागा म्हणजे सहीचा खरेपणा. अकरलॉफ अशा वेळी हमी, ब्रँड, परवाना यांचा उपाय सांगतो. पण या धंद्यात हमीचं प्रमाणपत्रही खोटं छापता येतं. अमेरिकेत एफबीआयच्या 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये बनावट सह्यांची मोठी टोळी सापडली, तेव्हा बनावट प्रमाणपत्रंही सापडली आणि मदर तेरेसांच्या नावाने सही केलेले बेसबॉलही. प्रमाणपत्राची हमी कोण देणार, हा प्रश्न निबंध अर्ध्यावर सोडतो. मला त्याची ही खरी उणीव वाटते.

याच्या उलट उदाहरण पुण्याचं आहे. मे २०२०मध्ये पाकिस्तानच्या अझहर अलीने कोविड मदतीसाठी आपली त्रिशतकाची बॅट ऑनलाइन लिलावात काढली. पुण्याच्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयाने ती दहा लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली. वस्तू कोणती, कुणाची, कुठल्या डावातली, सगळं उघड. विकणारा स्वतः खेळाडू. इथे सोरट नाही आणि लेमन्सही नाही. पण म्हणून "बॅटची बाजारातली किंमत दहा लाख" असं आपल्या तक्त्यात लिहू नका. त्या आकड्यात देणगीही मिसळलेली आहे. २०११च्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, तोही मदतनिधीचाच लिलाव होता.

माहिती गोळा करताना आणखी एक खड्डा आहे. खोकी उघडण्याचे व्हिडिओ बघून कोणी म्हणेल, दर तिसऱ्या खोक्यात काहीतरी भारी निघतं. पण पोस्टर निघालेला माणूस व्हिडिओ कशाला टाकेल? तुमच्या नमुन्यात जिंकलेलेच येतात. आराखडा सादर करताना समितीतल्या कोणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर तयार हवं.

आता तुमचा आराखडा काढा. सिद्धांताचं नाव जिथे लिहिलंय त्याखाली तीन ओळी लिहा. एक, हा सिद्धांत काय गृहीत धरतो. दोन, माझ्या विषयात ते गृहीत खरं आहे का. तीन, काय दिसलं तर मी म्हणेन की हा सिद्धांत इथे चुकला. मिस्टरी लॉटसाठी माझी तिसरी ओळ अशी असती: "खोकं उघडल्यावर विक्री वाढली तर लेमन्स, घटली तर सोरट."

तिसरी ओळ सुचत नसेल, तर गाईडकडे जाण्याआधी मूळ निबंध पुन्हा वाचा. आणि त्या रात्री एखाद्या खोक्यावर बोली लावायचा मोह झालाच, तर आधी सरासरी काढा.