पंचाची मोजणी आणि प्रेक्षकाची स्मृती

१

कुस्तीविषयीचे मराठी लेखन बहुतांशी मल्लांच्या गौरवाचे आहे. वस्तादांची चरित्रे, गाजलेल्या लढतींची वर्णने आणि केसरीपदांच्या याद्या असा त्याचा ऐवज आहे. कुस्ती पाहणारा माणूस या लेखनात येतो तो गर्दी म्हणून. पाहिलेल्या कुस्तीचे तो पुढे काय करतो, ती कशी आठवतो आणि कशी सांगतो, याचा विचार फारसा झालेला नाही. १९९०च्या दशकात उपग्रह वाहिन्यांवरून भारतात पोहोचलेल्या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचा प्रेक्षक या दृष्टीने लक्षणीय ठरतो. हा प्रेक्षक आज चाळिशी-पन्नाशीत आहे. त्याच्या आठवणींत कोण जिंकले याला गौण स्थान असते. काय फसले, आयोजकांनी कोणता घोळ घातला, कोणते कथानक अर्ध्यावर सोडून दिले, हे मात्र तो तपशीलवार आणि स्पष्ट आनंदाने सांगतो. पराक्रमाऐवजी प्रमाद स्मरणात राहावा, हे वीरकथेच्या परंपरेला उलटे आहे. या उलटेपणाची मीमांसा केल्यास सामूहिक स्मृती आणि समीक्षा यांच्या नात्यावर काही प्रकाश पडू शकतो.

जळगाव जिल्ह्यातील जामनेरसारखे तालुक्याचे गाव या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. खानदेशात जाहीर कुस्त्यांसाठी 'दंगल' हा शब्द रूढ आहे. 'आम दंगल' म्हटले की मातीचा आखाडा, जोड ठरवणारे जाणकार, इनामाची पुकार आणि भोवती दाटलेली माणसे हे चित्र आपोआप उभे राहते. ही परंपरा खंडित झालेली नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये खुद्द जामनेरात 'नमो कुस्ती महाकुंभ' या नावाने परदेशी मल्लांसह मोठी दंगल भरली. नव्वदच्या दशकातील येथील मुलाला म्हणून एकाच वेळी दोन कुस्त्या उपलब्ध होत्या. एक डोळ्यांसमोरच्या मातीतली, दुसरी केबलच्या पडद्यावरची. पहिलीत पाठ जमिनीला लागली की निकाल लागे; दुसरीत खांदे जमिनीला लागल्यावरही पंच तीनपर्यंत मोजत असे. हा फरक वरकरणी तांत्रिक वाटतो, पण दोन्ही कुस्त्यांचे सारे काव्यशास्त्र त्यात सामावलेले आहे.

२

रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५२ साली लिहिलेला आणि पुढे १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहात समाविष्ट झालेला कुस्तीवरील निबंध या विषयाच्या चर्चेत अपरिहार्य मानला जातो. पॅरिसच्या सामान्य सभागृहांतील ही कुस्ती खेळ नसून प्रेक्षणीय प्रयोग आहे, मल्लाचे शरीर हेच तेथे चिन्ह आहे आणि लढत ठरवून केली आहे की खरी, याची प्रेक्षकाला फिकीर नसते, असे बार्थचे प्रतिपादन आहे. मल्ल आत शिरताक्षणीच त्याच्या देहावरून त्याची भूमिका कळावी, दुःख दिसावे, दुष्टपणा दिसावा आणि शेवटी हिशेब चुकता व्हावा, एवढीच प्रेक्षकाची मागणी असते.

मराठी प्रेक्षकाला हे विवेचन लागू करताना एक अडचण येते. ठरवून केलेल्या लढतीसाठी मराठीत 'नुरा कुस्ती' हा शब्द आहे, आणि तो निव्वळ वर्णन करणारा शब्द नाही. तो आरोप आहे. राजकारणातील संगनमताच्या भांडणालाही तोच शब्द लावला जातो, त्यामागे फसवणुकीची जाणीव असते. म्हणजे बार्थच्या प्रेक्षकाला ज्याची फिकीर नाही, नेमकी तीच गोष्ट येथील प्रेक्षकाच्या भाषेत नैतिक निकष म्हणून रुजलेली आहे. यावरून देशी कुस्ती खरी आणि परदेशी कुस्ती खोटी, असा सोपा देशीवादी निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण तो टिकणारा नाही. नुरा हा शब्द अस्तित्वात आहे याचाच अर्थ देशी आखाड्यातही नुरा होत आली आहे. शिवाय १९५०-६०च्या दशकांत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्री स्टाइल' कुस्त्यांनी मुंबईत तुडुंब गर्दी जमवली होती. प्रयोगरूप कुस्ती येथे केबलबरोबर अवतरली नाही. केबलने आणले ते तिचे अखंड, आठवड्यामागून आठवडे चालणारे मालिकारूप.

३

या मालिकारूपाचे ग्रहण जामनेरसारख्या ठिकाणी कसे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. समालोचन इंग्रजीत होते, बोलण्याची गती अनोळखी होती आणि मधले भाग सुटत होते. मूळ संहितेतील वैर, विश्वासघात आणि करार यांचे धागे त्यामुळे निसटून जात, उरत ती शरीरे आणि मुद्रा. बार्थला अभिप्रेत असलेला शुद्ध चिन्हवाचक जणू भाषेच्या अडसरामुळेच येथे तयार झाला. गाळलेल्या जागा त्याने आपल्या परंपरेतून भरल्या. 'अंडरटेकर' या पात्राला सात जन्म आहेत, तो मरून परत येतो, ही त्या काळात भारतभर पोरांत पसरलेली दंतकथा याच भरणीतून जन्मली. तिला पडद्यावर आधारही होता. जानेवारी १९९४च्या 'रॉयल रंबल'मध्ये अनेक मल्लांनी मिळून त्याला शवपेटीत कोंडले आणि त्याची प्रतिमा वर जाताना दाखवण्यात आली. प्रत्यक्षात पाठीच्या दुखापतीमुळे त्याला विश्रांती द्यायची होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'समरस्लॅम'मध्ये तो परतला आणि आपल्याच तोतयाशी लढला. तोतया झाला होता ब्रायन ली. १९९६च्या 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अक्षयकुमारशी लढणारा 'अंडरटेकर' हाही हाच ब्रायन ली होता. मूळचा अंडरटेकर म्हणजे एका नटाने वठवलेले पात्र, त्याचा तोतया आणि मग त्या तोतयाचे हिंदी पडद्यावरचे पुनरागमन, अशी ही तिपदरी बनावट होती. येथील प्रेक्षकाने ती त्या वेळी खरी मानली आणि पुढे कळल्यावर तो स्वतःशीच हसला.

या हसण्यात लाज नाही, हे महत्त्वाचे. नुरा उघडकीस आली तर आखाड्यातला प्रेक्षक संतापतो. येथे मात्र फसवले गेल्याची आठवण तो मिरवतो. त्याचे कारण पत्त्यांच्या खेळातही दिसते. त्या काळी घरोघरी पोहोचलेल्या 'ट्रम्प कार्डां'वर प्रत्येक मल्लाची उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती असे आकडे छापलेले असत. ज्या लढतींचे निकाल आधीच ठरलेले होते त्यांची ही काटेकोर सांख्यिकी मुलांनी तोंडपाठ केली होती. ते खोटे नव्हते. तो दुसऱ्या पातळीवरचा खेळ होता. स्मरणरंजनात जे पुन्हा भेटते ते या पातळीचे भान.

४

फसलेल्या प्रसंगांच्या आठवणी एकाच जातीच्या नाहीत. पहिला वर्ग निव्वळ घसरणीचा. ऑगस्ट १९९३मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट प्रक्षेपणात 'शॉकमास्टर' नावाचा नवा मल्ल भिंत फोडून भयंकर प्रवेश करणार होता. भिंत फुटली, पण तो पाय अडकून तोंडघशी पडला आणि त्याचे शिरस्त्राण निखळून गडगडत गेले. येथे प्रयोगाची यंत्रणा उघडी पडते, आणि हास्य सरळ आहे.

दुसरा वर्ग अधिक गुंतागुंतीचा असून त्याच्या केंद्रस्थानी पंच आहे. प्रयोगरूप कुस्तीत पंच हा न्यायाधीश नसतो. तो लेखकाचा रंगमंचावरील हस्तक असतो. मोजणी हे त्याचे व्याकरण. एक आणि दोन यांच्यामधल्या अवकाशात प्रेक्षकाची आशा टांगून ठेवायची आणि तिसऱ्या ठोक्याला वाक्य पूर्ण करायचे, किंवा ऐन वेळी तोडायचे, एवढ्यासाठीच ती असते. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी मॉन्ट्रियल येथे या व्याकरणाचा भंग झाला. ब्रेट हार्ट शरण आलेला नसताना पंच अर्ल हेब्नर याने घंटा वाजवायला लावली आणि शॉन मायकल्सला विजयी ठरवले. हार्टला सांगितलेले कथानक वेगळे होते. मालक व्हिन्स मॅकमहनने ते त्याच्या नकळत बदलले होते. नुरा कुस्तीतच एका मल्लाशी खरीखुरी दगाबाजी झाली. पुढच्याच महिन्यात, २८ डिसेंबर १९९७ला, प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या 'स्टारकेड'मध्ये याच प्रसंगाचा कथानकासाठी उपयोग करायचा बेत होता. हल्क होगन आणि स्टिंग यांच्या लढतीत पंच निक पॅट्रिक अन्यायाने झटपट मोजणार आणि हार्ट येऊन तो अन्याय रोखणार, अशी योजना होती. पण मोजणी नेहमीच्याच गतीने झाली. अन्याय झालाच नाही, आणि हार्ट न झालेल्या अन्यायाविरुद्ध उभा राहिला.

या दोन प्रसंगांची जोडी विलक्षण आहे. पहिल्यात पंच खरोखर बेइमान ठरला म्हणून नाटक मोडले. दुसऱ्यात पंचाची मोजणी सरळ पडली म्हणून नाटक मोडले. प्रामाणिकपणा आणि अप्रामाणिकपणा हे येथे नीतीचे शब्द राहत नाहीत, ते संहितेशी असलेल्या निष्ठेचे शब्द होतात. स्मरणारा प्रेक्षक हे जाणतो. म्हणूनच ४ जानेवारी १९९९ला होगनने केविन नॅशच्या छातीला केवळ बोट लावले आणि नॅश आडवा होऊन त्याने अजिंक्यपद सोडले, हा प्रसंग तो हसत सांगतो, पण त्यामागे राग असतो. तेथे संहिता फसली नव्हती. लेखकाने वाचकाशी केलेला अलिखित करार मोडला होता. कधीकाळी ८३ आठवडे सलग प्रतिस्पर्ध्यावर मात करणारी ती संस्था मार्च २००१मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. आर. डी. रेनॉल्ड्स आणि ब्रायन अल्वारेझ यांनी २००४मध्ये 'द डेथ ऑफ डब्ल्यूसीडब्ल्यू' या ग्रंथात हा ऱ्हास मांडला. हे लेखन स्मरणरंजनाच्या मुशीतलेच आहे, आणि त्यातून प्रेक्षकाची आठवण हळूहळू समीक्षेचे रूप कसे घेते ते दिसते.

५

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे वीराचा रसाभास होतो. रसाभासातून हास्य निष्पन्न होते, हे अभिनवगुप्ताने दाखवले आहे. उत्साह हा वीराचा स्थायी भाव. पण त्याचे आलंबन अनुचित किंवा तकलादू निघाले, शत्रूऐवजी पायात अडकलेली फळी निघाली, की उत्साह हास्यात विरघळतो. नव्वदच्या दशकातील कुस्तीच्या आठवणी ही या विरघळण्याची मालिका आहे.

मात्र या हास्याला एक कठोर सीमा आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट छतावरून दोराने उतरत असताना खाली कोसळला आणि मरण पावला. तो 'ब्लू ब्लेझर' नावाच्या विडंबनात्मक नायकाची भूमिका करीत होता. रिंगणाजवळ येऊन दोरातून सुटताना फजिती झाल्यासारखे पडायचे, असा बेत होता. हास्यासाठी योजलेला प्रमाद आणि खरा प्रमाद यांच्यामध्ये एका खटक्याचे अंतर उरले होते. हा कार्यक्रमाचा भाग नाही, असे समालोचकाला प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले. आणि कार्यक्रम पुढे चालूच राहिला. स्मरणरंजनाची गाडी या ठिकाणी थबकते. प्रेक्षकाला येथे कळते की ज्याला तो 'घोळ' म्हणून हसत होता, तो कोणाच्या तरी देहावर उमटत होता. हे मल्ल कंपनीचे नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार मानले जात. त्यांची संघटना नव्हती. हास्यास्पद वेशभूषेची आठवण टिकते, कंत्राटातल्या कलमांची टिकत नाही. या स्मृतिप्रकाराची ही खरी मर्यादा आहे. दिसणाऱ्या गैरव्यवस्थेवर तिचे बोट अचूक पडते. न दिसणारी तिच्या कक्षेबाहेर राहते.

६

मातीच्या कुस्तीकडे परत वळले की हा विचार अधिक टोकदार होतो. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पंचांनी मोहोळ यांना चितपटीने विजयी घोषित केले. पाठ लागलीच नाही, असे राक्षे यांचे म्हणणे होते. त्यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेले. किताब मोहोळ यांना मिळाला, आणि राक्षे व गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पुढच्याच महिन्यात कर्जत येथे दुसऱ्या गटाची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके विजयी झाले. नोव्हेंबर २०२३मध्येही फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले होते. १९६१पासून चालत आलेला किताब एकाच वर्षात दोघांकडे असावा, हे नव्वदच्या दशकातील अमेरिकी कुस्तीतील विसंगतींपेक्षा कमी नाही. पण या प्रसंगांची आठवण येथे कोणी हसत सांगत नाही.

फरक पंचाच्या स्थानात आहे. चितपट हा क्षण आहे, त्यात मोजणीचा अवकाश नाही. पाठ लागली की नाही या प्रश्नाला पंचाचे उत्तर चुकले तर ती कथेतली चूक नसते, एका मल्लाच्या अनेक वर्षांच्या मेहनतीवर झालेला अन्याय ठरतो. प्रयोगातील गैरव्यवस्था सौंदर्याचा प्रश्न असते. खेळातील गैरव्यवस्था न्यायाचा. पहिलीची परिणती हास्यात होते, दुसरीची तक्रारीत. जामनेरच्या प्रेक्षकाने दोन्ही कुस्त्या एकाच वयात पाहिल्या, म्हणून दोन्ही प्रतिक्रिया त्याच्यापाशी आहेत, आणि कोठे कोणती लागू करायची हे त्याला कोणी शिकवावे लागलेले नाही.

तथापि धोकाही येथेच आहे. किताब वाढत जातात, दंगलींना राजकीय नावे मिळतात, दिव्यांचा झगमगाट आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज मातीवर चढतो, आणि खेळ हळूहळू प्रयोगाची लक्षणे धारण करू लागतो. ज्या दिवशी महाराष्ट्र केसरीच्या वादाकडे प्रेक्षक शॉकमास्टरच्या घसरणीकडे पाहावे तसा पाहू लागेल, त्या दिवशी तो खेळ म्हणून संपलेला असेल. त्या अर्थी आजची कटू तक्रार ही कुस्तीच्या जिवंतपणाची खूण मानावी लागते, आणि नव्वदच्या दशकाविषयीचे ते मोकळे हास्य हे ज्याच्याकडून न्यायाची अपेक्षाच उरली नाही अशा गोष्टीचे श्राद्ध.