‘रजनीगंधा’ : नाव असलेले फूल आणि नाव नसलेले फूल

हिंदी चित्रपटगीतांत फुले विपुल आढळतात. परंतु त्यांपैकी बहुसंख्य अनाम असतात. गुल, कली, चमन, बहार ही शब्दावली मुख्यतः उर्दू काव्याच्या संकेतांतून आली आणि सौंदर्य, यौवन किंवा क्षणभंगुरता एवढेच सुचवून ती थांबते. लोकव्यवहार याहून वेगळा आहे. रोह्यालगतच्या वरसे या गावी काय किंवा मुंबईत काय, मराठी घरात गजरा मोगऱ्याचा वा अबोलीचा असतो आणि गणपतीला जास्वंद वाहिली जाते. तेथे नुसते ‘फूल’ म्हणून भागत नाही. गीतातील अनाम फूल आणि व्यवहारातील नामांकित फूल यांमधील हे अंतर ज्या थोड्या हिंदी चित्रपटांनी अर्थपूर्ण रीतीने वापरले, त्यांत बासू चटर्जी यांच्या ‘रजनीगंधा’ (1974) या चित्रपटाची गणना करावी लागेल.

मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवर हा चित्रपट आधारलेला आहे. कथेतील कानपूर व कलकत्ता यांच्या जागी चित्रपटात दिल्ली व मुंबई ही शहरे आली, आणि निशीथचा नवीन झाला; रजनीगंधाची फुले मात्र कायम राहिली. दिल्लीतील संजय (अमोल पालेकर) वेळ पाळत नाही, कचेरीतील बढतीविषयी अखंड बोलतो. पण दीपासाठी (विद्या सिन्हा) तो ही फुले आणतो. रजनीगंधा म्हणजे आपला निशिगंध किंवा गुलछडी. मूळची ही वनस्पती मेक्सिकोतील असल्यामुळे कमळ किंवा अशोक यांच्याप्रमाणे प्राचीन संस्कृत काव्यातील संकेतांचे ओझे तिच्यावर नाही. तिच्या दांड्यावरील कळ्या एकदम न फुलता खालून वर क्रमाने उमलतात, काही दिवस टिकतात आणि मग नवी फुले आणावी लागतात. संजयच्या प्रेमाची रीतही हीच आहे. त्यात उत्कटता कमी, पण पुनरावृत्ती आहे.

सलिल चौधरी यांचे संगीत आणि योगेश यांची गीतरचना या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. लता मंगेशकर यांनी गायिलेल्या गीतात फुलाचे नाव घेतले जाते आणि त्याचा गंध दीपाच्या रोजच्या जीवनात मिसळतो. मुलाखतीसाठी मुंबईस आल्यावर ती पूर्वीचा प्रियकर नवीन याच्यासमवेत टॅक्सीत बसलेली असता मुकेश यांच्या आवाजातील गीत पार्श्वभूमीवर ऐकू येते. याच गीतासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातही फुले आहेत. पण ती वाटेवर उमललेली, नाव नसलेली आहेत, आणि त्यांतील कोणते उचलून मनात जपावे, हा प्रश्न आहे. एका गीतात फूल घरात आलेले आहे, तर दुसऱ्यात ते केवळ शक्यता आहे. दीपाचे द्वंद्व संवादांपेक्षा या भेदातून अधिक नेमकेपणाने व्यक्त होते.

येथे एक आक्षेप घेता येईल. दीपाचा अंतिम निर्णय तिच्या विचारातून होतो, की नवीनचे कोरडे पत्र आणि त्याच वेळी दारात आलेला संजय यांच्या योगायोगातून? आक्षेप निराधार नाही. नवीनच्या पत्रात प्रेमाचा एखादा शब्द असता, तर शेवट कदाचित निराळा झाला असता. फुलांची प्रसन्नता ही शंका काहीशी झाकते. स्त्रीच्या स्वतंत्र निवडीच्या दृष्टीने हा दोष मान्य केला पाहिजे.

तथापि फुलाला शाश्वत प्रेमाचे चिन्ह करण्याचा मोह चित्रपटाने टाळला आहे, हे विसरता येत नाही. ‘कागज के फूल’ (1959) या गुरुदत्तच्या चित्रपटात न कोमेजणारे कागदी फूल कृत्रिमतेचे प्रतीक झाले. ‘रजनीगंधा’तील फूल कोमेजते, म्हणूनच ते खरे ठरते, आणि ते पुन्हा आणणारा कोणी आहे, एवढ्याच आधारावर दीपाचे सत्य उभे राहते. तो आधार पुरेसा आहे किंवा नाही, याचा निर्णय चित्रपट प्रेक्षकावर सोपवतो.