आत्मरती व एकतर्फी प्रेम : नार्सिसस-एको आणि कच-देवयानी-ययाती

स्वतःच्याच रूपावर वा सुखावर जडलेली आसक्ती आणि प्रतिसाद न मिळालेले प्रेम, ही दोन सूत्रे ग्रीक पुराणकथेत नार्सिसस व एको यांच्या आख्यानात एकत्र गुंफली गेली आहेत. भारतीय परंपरेत या आख्यानाला सर्वांत जवळची कथा म्हणजे महाभारताच्या आदिपर्वातील कच, देवयानी, शर्मिष्ठा व ययाती यांची. विसाव्या शतकातील मराठी लेखकांनी या कथेला वारंवार हात घातला. त्यामुळे मराठी साहित्यात या दोन सूत्रांचा विचार मुख्यतः तिच्याच आधारे करावा लागतो.

नार्सिसस व एको यांच्या कथा एकत्र गुंफलेल्या प्रथम आढळतात त्या ऑव्हिड या रोमन कवीच्या मेटामॉर्फोसेस या काव्याच्या तिसऱ्या सर्गात (इ. स. ८ च्या सुमारास). सेफिसस ही नददेवता व लिरिओपी ही जलदेवता यांचा हा पुत्र. तो स्वतःला ओळखणार नाही तरच दीर्घायुषी होईल, असे भाकीत टायरीसिअस या अंध द्रष्ट्याने केले होते. एको ही वनदेवता ज्यूनोला लांबलचक गप्पांत गुंतवून ठेवी म्हणून ज्यूनोने तिला शिक्षा केली आणि दुसऱ्याच्या बोलण्यातील अखेरचे शब्द तेवढे उच्चारण्याची शक्ती तिच्यापाशी उरली. नार्सिससने तिला झिडकारल्यावर ती झिजत गेली, तिची हाडे पाषाण झाली व आवाज मागे राहिला. पुढे झिडकारल्या गेलेल्या दुसऱ्याच एका तरुणाचे गाऱ्हाणे नेमेसिसने ऐकले आणि नार्सिसस पाण्यातील आपल्या प्रतिबिंबावर लुब्ध झाला. हे प्रतिबिंब आपलेच आहे, हे त्याला अखेरीस कळते. पण कळूनही सुटका होत नाही. ऑव्हिडच्या कथनातील खरी धार येथे आहे. नार्सिससचा नाश अज्ञानाने होत नाही, तर ज्ञान झाल्यानंतर होतो.

कोनॉनने सांगितलेल्या पाठात एको नाही. त्यात अमेनिअस या प्रेमिकाला नार्सिसस तलवार पाठवितो व तो त्याच्या दारातच प्राण देतो. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पॉसेनिअस याला मात्र स्वतःचे प्रतिबिंब न ओळखणारा तरुण ही कल्पनाच खुळी वाटली. त्याने दिलेल्या दुसऱ्या पाठात नार्सिसस आपल्या मृत जुळ्या बहिणीचे रूप पाण्यात शोधतो. हा पाठ बुद्धीला पटणारा खरा. पण त्यात कथेचा प्राणच हरवतो.

फ्रॉइडच्या १९१४ मधील निबंधानंतर या नावावरून आलेली संज्ञा मानसशास्त्रात स्थिरावली. मराठीत तिला ‘आत्मरती’ हा पर्याय रूढ आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सर्व काही आत्म्यासाठी प्रिय असते असे सांगतो, तेथील आत्मा मात्र देहरूपात अडकलेला ‘मी’ नव्हे. दोहोंची गल्लत होऊ नये.

एकतर्फी प्रेमाबाबत संस्कृत साहित्यशास्त्राने घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. दोन्हीकडे नसलेली, म्हणजे अनुभयनिष्ठ रती हा शृंगार नसून रसाभास होय, असे विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात (चौदावे शतक) मानले आहे. या दंडकानुसार झिडकारलेल्या प्रेमिकेचे दुःख शृंगाराच्या पंक्तीला बसत नाही. शास्त्राने ज्याला दुय्यम ठरविले, त्यालाच महाभारतकारांनी मात्र एका मोठ्या आख्यानाचे बीज केले.

देवांनी बृहस्पतिपुत्र कचाला शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळविण्यासाठी पाठविताना शुक्रकन्या देवयानीलाही प्रसन्न करून घेण्यास सांगितले होते. त्याप्रमाणे कच तिला गायन-नर्तनाने, फुला-फळांनी संतुष्ट करतो. असुर त्याला तीनदा मारतात व प्रत्येक वेळी देवयानीच्या आग्रहाने तो जिवंत होतो. विद्या मिळाल्यावर ती विवाहाची मागणी करते, तेव्हा आपण शुक्राचार्यांच्या उदरातून जन्मलो, म्हणून तू भगिनी आहेस, असे कच सांगतो. ती त्याला विद्या निष्फळ होण्याचा शाप देते. ऋषिपुत्र तुझ्याशी विवाह करणार नाही, असा प्रतिशाप तो देतो. एको स्वतःच्या शब्दांना पारखी झालेली आहे. देवयानीचा शब्द मात्र फळतो. तिचे प्रेम निराधार भ्रम नव्हते, ते हेतुपूर्वक जागविलेले होते, ही गोष्ट पुष्कळशा मराठी विवेचनांत निसटते.

कृ. प्र. खाडिलकरांच्या संगीत विद्याहरणात (१९१३) भर आहे तो शुक्राचार्यांच्या मद्यपानावर व त्याच्या परिणामांवर. बालगंधर्वांच्या भूमिकेमुळे देवयानी प्रेक्षकांच्या मनात ठसली, तरी नाटकाचा नैतिक भार तिच्या दुःखाकडे नाही.

वि. स. खांडेकरांच्या ययाति (१९५९) या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार (१९६०) व ज्ञानपीठ पुरस्कार (१९७४) मिळाला. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या आत्मनिवेदनांतून ती घडते. ययातीला मराठीतील नार्सिसस म्हणण्याचा मोह होतो. पण साम्य वरवरचे आहे. नार्सिससला कोणाचीच गरज नाही, तर ययातीच्या आत्मरतीला सतत दुसऱ्याचा देह लागतो : पत्नीचा, दासी झालेल्या शर्मिष्ठेचा आणि शेवटी यौवन देणाऱ्या पूरूचा. म्हणूनच ती अधिक भयावह आहे. खांडेकरांनी हे ओळखले. आधुनिक माणसाची अतृप्त भोगलालसा त्यांनी ययातीत पाहिली, हे कादंबरीचे बळ होय.

तिची उणीवही याच रचनेतून येते. ‘मी’च्या कथनात ययातीचा पश्चात्तापही त्याचे प्रतिबिंबच ठरतो. तो स्वतःचा धिक्कार करतो. पण पाहत राहतो ते स्वतःलाच, आणि त्याच्या विलापाच्या ओघात वाचक त्याला क्षमा करून बसतो. देवयानीला निवेदनाचा अधिकार मिळतो. पण तिचे शब्द तिच्याच गर्वाची साक्ष म्हणून योजिलेले वाटतात. संयमाचा आदर्श म्हणून रंगविलेला कच इतका निष्कलंक होतो, की त्याने देवयानीच्या अनुरागाचा उपयोग करून घेतला, हा मूळ कथेतील बोचरा प्रश्न बोथट होतो. शर्मिष्ठेच्या निवेदनात मात्र अनुकंपा व संयम यांचा मेळ जमला आहे.

वि. वा. शिरवाडकरांच्या ययाति आणि देवयानी (१९६६) या नाटकाने हेच कथानक पुन्हा संगीत रंगभूमीवर आणले. जितेंद्र अभिषेकींच्या संगीतामुळे त्याची पदे नाटकाबाहेरही टिकली. या भोगाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अधिक कठोरपणे विचारला तो गिरीश कर्नाडांच्या ययाति (१९६१) या कन्नड नाटकाने. त्यातील पूरूची पत्नी चित्रलेखा पती अकाली वृद्ध झाल्यावर प्राणत्याग करते.

पुराणकथेचा आधार न घेता अपुऱ्या प्रेमाचे दुःख मराठीत मांडले ते माधव जूलियन यांनी विरहतरंग (१९२६) या खंडकाव्यात. ते फार्सीचे अभ्यासक होते. नार्सिससच्या फुलाला फार्सीत नर्गिस म्हणतात आणि त्या काव्यपरंपरेत हे फूल प्रेयसीच्या धुंद डोळ्याचे उपमान होते. ग्रीकांनी स्वतःकडे पाहणाऱ्याचे फूल म्हणून जे ओळखले, ते तेथे प्रेमिकाकडे न पाहणारा डोळा झाले.