दायमाबादचा रथ, आर्सेनिक आणि हीट नंबर

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी हा एक वाद नीट समजून घ्या.

१९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचा बुंधा खणताना चार भरीव कांस्यवस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून ६० किलोंच्या आसपास. ४५ सेंमी लांबीच्या रथाच्या दांड्यावर चक्क एक कुत्रा उभा आहे! काम अप्रतिम, पण काळ कोणता?

धवळीकर, साळी यांनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून उत्तर-हडप्पा काळ सांगितला. डी. पी. अग्रवाल यांनी धातू तपासला. आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण नाही. म्हणून या वस्तू नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात.

आपण सायन्सवाले, त्यामुळे आकडा दिसला की लगेच त्याच्या बाजूने जातो. मीही गेलो होतो. पण इथे जरा थांबा. हडप्पा संस्कृतीच्या तांब्यातही आर्सेनिक मिळतं. आर्सेनिक धातुक आणि मिश्रणाबद्दल बोलतं, तारखेबद्दल थेट नाही.

चाकणच्या कुठल्याही फाउंड्रीत विचारा. स्पेक्ट्रो टेस्ट मिश्रधातूचा ग्रेड सांगते. कास्टिंग कधी ओतलं ते हीट नंबरवरून कळतं. उत्खननात मातीचा थर म्हणजे तो हीट नंबर. दायमाबादच्या वस्तू उत्खननाबाहेर निघाल्या आणि नेमका तोच हरवला.

याउलट युरोप बघा. १६५३ साली आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने इथे एक थडगं सापडलं. त्यातल्या अंगठीवर फ्रँक राजा शिल्डेरिकचं नाव होतं. तो ४८१-८२ च्या सुमारास वारला. त्यामुळे सोन्यात लाल गार्नेट, म्हणजे आपला तामडा, बसवण्याच्या त्या शैलीला पक्की तारीख मिळाली. पुढे रासायनिक तपासणीत त्या काळच्या फ्रँक दागिन्यांमधले बरेच तामडे भारत-श्रीलंकेकडचे निघाले. तिथे रसायनाने मूळ सांगितलं, तारीख थडग्याने दिली. ज्याचं काम त्याने केलं.

म्हणून माझं मत: अग्रवालांची शंका मोलाची, कारण तिने घाईच्या निष्कर्षाला अडवलं. पण त्यांचा निष्कर्ष मोजमापाच्या पुढे जातो. शैलीवाल्यांचाही पुरावा तितकाच अपुरा. प्रश्न उघडा ठेवणं हेच इथे प्रामाणिक उत्तर.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. प्रत्येक मोजमापासमोर लिहा: हे नेमकं काय सांगतं, आणि मी त्याच्याकडून काय वदवून घेतोय? दोन्ही उत्तरं वेगळी आली, तर गाइडने विचारायच्या आत दुरुस्त करा.